तुडुम, लाइन क्लिअर आणि बिनतारी दुवा

भंडारा जिल्ह्याला तळ्यांचा जिल्हा म्हणतात, तें केवळ कौतुकानें नव्हे. वैनगंगेच्या खोऱ्यांतील धानाची शेती शतकानुशतकें या तळ्यांच्या आधारानें उभी राहिली. गोंड राजांच्या अमदानींत कोहळी समाजानें तळीं बांधण्याची विद्या येथें रुजविली. पुढें त्यांची देखभाल मालगुजारांच्या हातीं आली, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव हें नांव पडलें. नवेगांवचा मोठा बांध कोलू पाटील कोहळी यांनीं अठराव्या शतकाच्या प्रारंभीं घातला, अशी परंपरा आहे. तो भाग १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत गेला. परंतु विद्या एकच. तळ्याचीं अंगें तीन. पाळ पाणी अडवून धरते. तुडुमांतून, म्हणजे पाळीखालच्या दारांतून, तें बेताबेतानें पाटांत सुटतें. आणि सांडव्यावरून जादा पाणी खालच्या तळ्याकडे निघून जातें.

वरून येणारा लोंढा किती, हें तळ्याच्या हातीं नसतें. पाटाची रुंदीही ठरलेली असते. येणें आणि जाणें यांतील तफावत कोणी व कोठें सांभाळावयाची, हाच तलावविद्येचा मुख्य प्रश्न होय. आज हाच प्रश्न अगदीं निराळ्या वेषांत गांवोगांव उभा राहिला आहे. ग्रामपंचायतीच्या छपरावर बिनतारी दुव्याचा रेडिओ असतो, खालीं खोलींत अनेक तारा एकत्र जोडणारें स्विच नांवाचें यंत्र असतें, आणि दोहोंमध्यें एक केबल असते. दिवे लागलेले असतात, यंत्रें नवीं असतात, तरीही दाखला निघत नाहीं, शिधावाटपाच्या यंत्रावर अंगठा उमटत नाहीं, धान खरेदीची नोंदणी अर्ध्यावर अडते. शेतकरी दिवसाची मजुरी बुडवून रांगेंत उभा असतो. रेडिओवाला स्विचकडे बोट दाखवितो, स्विचवाला रेडिओकडे. पुष्कळदां दोन्ही यंत्रें निर्दोष असतात. दोष असतो तो त्यांनीं एकमेकांना “थांब” व “चल” कसें सांगावें, या व्यवस्थेंत. या व्यवस्थेला प्रवाहनियंत्रण म्हणतां येईल. तिचा इतिहास समजल्यावांचून तिचा दोष सांपडत नाहीं.

या इतिहासाचा एक धडा भंडारा जिल्ह्याच्या भूमीवरच, लोखंडी रुळांवर, लिहिला गेला. नागपूर–छत्तीसगड रेल्वेचा मार्ग १८८० च्या सुमारास तुमसर व गोंदियाकडे सरकला. १८८७ मध्यें स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनें तो घेऊन रुंद केला. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊं नयेत, म्हणून नियम असा, कीं पुढच्या स्टेशनाची अनुमति मिळाल्यावांचून गाडी सोडावयाची नाहीं. हीच “लाइन क्लिअर.” येथें अनुमति देणारा मागचा नव्हे, पुढचा असतो, कारण जागा मोकळी आहे कीं नाहीं, हें ज्याच्याकडे गाडी जावयाची त्यालाच ठाऊक. प्रवाहनियंत्रणाचें पहिलें सूत्र हेंच, कीं देणाऱ्यानें घेणाऱ्याचें ऐकावें.

दुसरें सूत्र गोंदियाला दिसलें. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं गोंदियाहून नैनपूर व जबलपूरकडे अरुंद मार्ग निघाला. मुख्य मार्गाची रुंदी ५ फूट ६ इंच, या नव्या मार्गाची २ फूट ६ इंच. रुंद मार्गावरच्या एका वाघिणीचा माल अरुंद मार्गाच्या अनेक लहान वाघिणींत भरावा लागे. अशा ठिकाणीं धान्याचें कोठार हवें, हमाल हवे, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे माल सांचूं लागला तर मागें वेळेवर निरोप जावयास हवा. निरोप गेला नाहीं, तर कोठार भरून माल उघड्यावर पडतो. निरोप फारच कडक गेला, तर रुंद मार्गच अडतो आणि ज्यांचा गोंदियाच्या अरुंद मार्गाशीं कांहींही संबंध नाहीं, अशा गाड्याही तिष्ठत राहतात. हें दुसरें संकट लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कारण स्विच आणि रेडिओ यांच्या सांध्यावर तेंच पुन्हां भेटतें.

तारायंत्राच्या काळीं “थांब” हा शब्द विजेवर स्वार झाला. मोर्सच्या लिपींत एक टिंब, एक रेघ व तीन टिंबें एवढें वाजलें, कीं समोरच्या तारमास्तरानें वाट पाहावयाची. भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. पण तिचा संकेत यंत्रांच्या पिढ्यांतून पुढें चालत राहिला. टेलिप्रिंटरच्या कागदी फितीचा वाचक चालूं करावयाचा एक संकेत व बंद करावयाचा दुसरा, असे दोन संकेत अमेरिकेंत १९६३ मध्यें ठरलेल्या आस्की या अक्षरसंकेतांत कायम झाले. संगणकाच्या कळफलकावर कंट्रोल-एस दाबलें असतां पडद्यावरील अक्षरें थांबतात व कंट्रोल-क्यू दाबलें असतां पुन्हां वाहूं लागतात, त्याचें मूळ या फितीच्या यंत्रांत आहे.

यानंतर संदेश तुकड्यातुकड्यांनीं, म्हणजे पॅकेटांनीं, पाठविण्याचें युग आलें. येथें एक गोष्ट विसरली जाते: या युगाच्या आरंभींच बिनतारी दुवा होता. हवाई बेटांवरील विश्वविद्यालयांत नॉर्मन अब्रॅमसन यांनीं १९७१ मध्यें अलोहा नांवाचें जाळें सुरू केलें. बेटाबेटांवरील यंत्रें एकाच रेडिओवाहिनीवर मनाला येईल तेव्हां बोलत. दोघांचे शब्द आदळले, तर थोडें थांबून पुन्हां बोलत. या पद्धतींत वाहिनीचा जास्तींत जास्त १८.४ टक्के उपयोग होऊं शकतो, हें गणितानें सिद्ध झालें. अलोहाचा अभ्यास करून रॉबर्ट मेटकाफ यांनीं १९७३ मध्यें झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत ईथरनेटची कल्पना मांडली. तींत रेडिओच्या जागीं केबल आली, आणि बोलण्यापूर्वीं ऐकण्याची शिस्त आली. एकाच केबलवर सारे असल्यामुळें गर्दी झाली कीं टक्कर होई, आणि टक्कर हाच “थांब” चा निरोप ठरे. निराळ्या संकेताची गरजच नव्हती.

ही स्थिति १९९० मध्यें बदलूं लागली. कॅलिफोर्नियांत विनोद भारद्वाज यांच्या पुढाकारानें “कल्पना” हें भारतीय नांव धारण करणारी एक कंपनी निघाली होती. तिनें ईथरनेटचा पहिला स्विच बाजारांत आणला. स्विचमुळें प्रत्येक यंत्राला स्वतःची वाट मिळाली, आणि पुढें एकाच वेळीं बोलणें व ऐकणें शक्य झालें. टक्कर संपली. परंतु टक्करीबरोबर तिच्या पोटांतला “थांब” चा निरोपही संपला. वेगवान तार मंद तारेवर ओतूं लागली, तर तिला आवरणारें कोणी उरलें नाहीं. सुधारणेनें एक अडचण दूर केली आणि त्याच हातानें एक संरक्षणही काढून घेतलें.

ही उणीव भरून काढण्यासाठीं १९९७ मध्यें ८०२.३एक्स हा नियम आला. त्यानें “पॉज” नांवाचें एक छोटें पॅकेट निर्माण केलें. ज्याचें कोठार भरत आलें, तो तारेच्या दुसऱ्या टोकाला हें पॅकेट पाठवितो. त्यांत किती वेळ थांबावयाचें, तो आंकडा असतो. ० म्हणजे लगेच चल. सर्वांत मोठा आंकडा ६५,५३५. एक माप म्हणजे ५१२ बिट वाहून जाण्यास लागणारा काळ. म्हणून सेकंदाला एक गिगाबिटच्या तारेवर सर्वांत लांब थांबा सुमारें ३३.५ मिलिसेकंदांचा, १०० मेगाबिटच्या तारेवर सुमारें ३३५ मिलिसेकंदांचा, आणि १० मेगाबिटच्या तारेवर ३ सेकंदांहून अधिक असतो. निरोप वारंवार आला, तर हा थांबा कितीही लांबूं शकतो. शिवाय हें पॅकेट फक्त त्या एका तारेपुरतें असतें, पुढच्या स्विचपलीकडे तें स्वतः जात नाहीं. आणि तें कोणाला थांबवावें, हें निवडीत नाहीं. दूरध्वनीचा आवाज, बँकेचा व्यवहार, चित्रपट, सारेंच एका दमांत थांबतें. सांडवा नसलेल्या तळ्याचें दार गच्च बंद करावें, तसा हा प्रकार.

याच्या अगोदर दुसऱ्या एका पंथानें निराळें उत्तर शोधलें होतें. ऑक्टोबर १९८६ मध्यें अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विश्वविद्यालय यांमधील दुव्याचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून एकाएकीं ४० बिटांवर कोसळला. दोन्ही ठिकाणांत अंतर अवघें ४०० यार्ड. व्हॅन जेकबसन यांनीं शोध घेतला, तेव्हां असें दिसलें, कीं पॅकेट हरवलें कीं पाठविणारीं यंत्रें तेंच पुन्हां पुन्हां पाठवीत आणि गर्दींत भर घालीत. त्यांनीं १९८८ मध्यें उपाय प्रसिद्ध केला: पॅकेट हरवलें, म्हणजे वाटेंत गर्दी आहे असें समजून मूळ पाठविणाऱ्यानेंच आपला हात आंखडावा, आणि वाट मोकळी दिसली कीं हळूहळू सैल सोडावा. आजहि टीसीपी या पद्धतीचा पाया हाच आहे. येथें “थांब” म्हणणारा शेजारचा स्विच नव्हे. हरवलेलें पॅकेट हाच निरोप.

म्हणजे एकाच रस्त्यावर दोन पहारेकरी उभे राहिले. एक शेजाऱ्याला थांबवितो, दुसरा मूळ पाठविणाऱ्याला. एकाला पॅकेट हरवूं द्यावयाचें नाहीं; दुसऱ्याला तें हरवल्यावांचून कळत नाहीं. केबलच्या जाळ्यांत दोन्ही टोकांचा वेग सारखा असला, कीं हा विरोध झांकून राहतो. बिनतारी दुव्याच्या सांध्यावर तो उघडा पडतो.

याचें कारण रेडिओच्या स्वभावांत आहे. केबलचा वेग ठरलेला असतो. रेडिओचा वेग आकाश ठरवितें. दहा गिगाहर्ट्‌झच्या वरच्या लहरींना जोराचा पाऊस अडवितो. पांच गिगाहर्ट्‌झच्या लहरींना पावसापेक्षां झाडांचा पाला आणि शेजारच्या रेडिओंचा गोंगाट अधिक जाचतो. त्यामुळें सकाळीं सेकंदाला १०० मेगाबिट वाहणारा दुवा दुपारीं ४० मेगाबिट वाहूं लागतो, आणि खालच्या स्विचला त्याचा पत्ता नसतो. त्याला केबलवर एक गिगाबिटचाच वेग दिसतो. शिवाय असले पुष्कळ रेडिओ एकाच वाहिनीवर एकतर बोलतात किंवा ऐकतात; एकेरी रुळाप्रमाणें त्यांना पाळी सांभाळावी लागते. हवेंत हरवलेलें पॅकेट ते पुन्हां पाठवितात, त्यांत आणखी वेळ जातो. आतां हिशेब पाहा. गिगाबिटच्या तारेवरून केवळ १० मिलिसेकंद लोंढा आला, तर एक कोटी बिट येतात. १०० मेगाबिटचा रेडिओ तेवढ्या वेळांत दहा लाख बिट बाहेर टाकतो. उरलेले ९० लाख बिट, म्हणजे सुमारें ११ लाख बाइट, कोठें तरी ठेवावयास हवेत. रेडिओचें कोठार तेवढें मोठें नसेल, तर दोनच मार्ग उरतात: पॅकेटें टाकून द्यावयाचीं, किंवा “थांब” म्हणावयाचें.

पॉज बंद असेल, तर पॅकेटें घडाघड गळतात. मूळ पाठविणारा घाबरून हात फारच आंखडतो, आणि १०० मेगाबिटच्या दुव्यांतून त्याच्या कांहीं अंशानेंही काम होत नाहीं. पॉज चालूं असेल, तर गळती थांबते. पण सांचलेला माल आतां स्विचच्या कोठारांत जातो. कित्येक स्विचांत हें कोठार सर्व दारांना सामाईक असतें. तें भरलें, कीं त्याच खोलींतील दोन संगणकांमधील, रेडिओशीं कांहींही संबंध नसलेलें कामही अडखळूं लागतें. गोंदियाच्या अरुंद मार्गामुळें रुंद मार्ग अडावा, तो हा प्रसंग. आणि स्विचनें आपल्या मागच्या यंत्रालाही पॉज पाठविला, तर अडथळा दारोदार मागें सरकत जातो.

कोठार मोठें केलें, म्हणजे सुटलें, असें पुष्कळांना वाटलें. स्मरणशक्तीच्या चिप स्वस्त झाल्या आणि यंत्रांत मोठमोठीं कोठारें आलीं. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनीं या रोगाकडे जगाचें लक्ष वेधलें: पॅकेटें हरवत नाहींत, पण सेकंद सेकंद रांगेंत कुजत पडतात, पाठविणाऱ्याला गर्दी उशीरां कळते, आणि बोलणें व व्यवहार दोन्ही खोळंबतात. २०१२ मध्यें कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनीं सुचविलें, कीं रांगेची लांबी मोजूं नये, पॅकेट रांगेंत किती वेळ थांबलें तें मोजावें. आणि तो काळ सतत फार वाढत असेल, तर थोडीं पॅकेटें मुद्दाम टाकून पाठविणाऱ्याला वेळेवर सावध करावें. तळें कितीही मोठें असलें, तरी सांडवा हवाच, हें कोहळ्यांचें शहाणपण यंत्रविद्येनें अशा रीतीनें पुन्हां शोधून काढलें.

भारतांत बिनतारी दुव्यांचा अभ्यास खेड्यांच्याच गरजेंतून झाला. कानपूरच्या आयआयटीनें या शतकाच्या आरंभीं गंगेच्या मैदानांत लांब पल्ल्याचे वायफाय दुवे उभारून पाहिले. तामिळनाडूंत थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालय व खेड्यांतील दृष्टिकेंद्रें यांना जोडतांना बर्कलीच्या संशोधकांना असें आढळलें, कीं खोलीसाठीं बनविलेली वायफायची शिस्त लांब अंतरावर चालत नाहीं: पोंचपावती येण्यापूर्वींच यंत्र निराश होऊन पॅकेट पुन्हां पाठवितें. २००७ मध्यें त्यांनीं ऐकण्याच्या शिस्तीऐवजीं ठरलेल्या पाळ्यांची शिस्त घातली, आणि त्याच उपकरणांतून वेग दुप्पट ते पांचपट झाला. महाराष्ट्रांत मुंबईच्या आयआयटीनें अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालीं पालघर जिल्ह्यांतील गांवांत दूरदर्शनच्या मोकळ्या लहरींवर असे प्रयोग केले. केंद्र सरकारनें २०११ मध्यें ग्रामपंचायतींना काचतंतूनें जोडण्याची योजना मंजूर केली होती. पुढें भारतनेट हें नांव मिळालेल्या याच योजनेच्या दुसऱ्या टप्प्यांत, २०१७ मध्यें, काचतंतूबरोबर रेडिओ व उपग्रह यांनाही स्थान मिळालें. म्हणजे रुंद व अरुंद मार्ग जेथें मिळतात, असे सांधे देशभर निर्माण झाले.

या इतिहासांतूनच दोष शोधण्याचा क्रम निघतो. प्रथम केबलच्या दोन्ही टोकांचा वेग व पद्धत एकच ठरली आहे ना, हें पाहावें. एक टोक एकाच वेळीं बोलतें-ऐकतें आणि दुसरें आळीपाळीनें, अशी फारकत असेल, तर ईथरनेटचा जुना टक्करीचा रोग पुन्हां उद्भवतो, आणि त्याचें खापर उगाच रेडिओवर फुटतें. दुसरें, स्विच बाजूला ठेवून रेडिओच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खरा वेग मोजावा, आणि तो निरनिराळ्या वेळीं मोजावा. तिसरें, स्विचच्या दारावर किती पॉज आले, किती गेले, किती पॅकेटें टाकलीं गेलीं, हे मोजणीचे आंकडे वाचावेत. पॉज हजारोंनीं वाढत असतील, तर रेडिओ शेजाऱ्याला रोखतो आहे. पॉज शून्य आणि गळती मोठी असेल, तर कोणीच कोणाला कांहीं सांगत नाहीं. चौथें, पॉज एका वेळीं एकाच टोकाला बंद करून पाहावा. दोन्ही टोकें एकदम बदललीं, तर कोणत्या बदलानें काय झालें, हें समजत नाहीं.

आणि पांचवी, सर्वांत उपयोगाची गोष्ट. लोंढा रेडिओपाशीं येऊन अडण्यापूर्वींच, अलीकडच्या राउटरवर, रेडिओच्या खऱ्या वेगाहून किंचित्‌ कमी अशी मर्यादा घालावी, आणि तेथेंच रांगेची शहाणी व्यवस्था ठेवावी. मग आवाजाला पुढें व चित्रपटाला मागें, असा विवेकही करतां येतो. तो विवेक पॉजजवळ नाहीं. २०११ मध्यें आलेल्या सुधारलेल्या नियमानें प्रकारवार थांबविण्याची सोय केली आहे, पण ती मुख्यतः मोठ्या संगणककेंद्रांसाठीं. गांवच्या स्वस्त स्विचांत ती क्वचितच असते. आकाशाप्रमाणें रेडिओचा वेग फारच बदलत असेल, तर थोडा पॉज राखून ठेवणेंही शहाणपणाचें ठरतें. परंतु तो रेडिओ व त्याच्या लगतच्या एका यंत्रापुरताच असावा, साऱ्या स्विचांत पसरूं देऊं नये. नियंत्रण अरुंद जागेच्या तोंडाशीं असावें, आणि त्याचा त्रास त्या जागेशीं संबंध नसलेल्याला होऊं नये, एवढाच या साऱ्या विद्येचा निष्कर्ष आहे.

तो निष्कर्ष अंमलांत आणणारा माणूस मात्र हवा. मध्यप्रदेशांत मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० मध्यें झाला व १९५१ मध्यें अमलांत आला. भंडारा तेव्हां त्याच प्रांतांत होता. जुलमाची एक व्यवस्था गेली, हें योग्यच झालें. पण तिच्याबरोबर तळ्याची दुरुस्ती कोणी करावयाची, गाळ कोणी काढावयाचा, याचें उत्तरही संदिग्ध झालें, आणि पुष्कळ तळीं गाळानें भरलीं. पाळीची माती खचली नव्हती; जबाबदारी खचली होती. गांवच्या बिनतारी दुव्याचें भवितव्यही याच कसोटीवर ठरणार आहे. रेडिओ एका कंत्राटदाराचा, स्विच दुसऱ्याचा, वीज तिसऱ्याची, आणि मधल्या सांध्याचा धनी कोणीच नाहीं, अशी स्थिति राहिली तर उत्तमोत्तम यंत्रेंही शेतकऱ्याला रांगेंतच उभें करतील. ज्या गांवांत एखादा तरुण महिन्यांतून एकदां तो पॉजचा आंकडा वाचील, वहींत लिहील आणि मागच्या महिन्याच्या आंकड्याशीं ताडून पाहील, त्या गांवाचा दुवा वाहता राहील.